लॉगच्या पोटातला लॉग

“पोह्यात कांदा घातला नाहीस ना?” अण्णांनी स्वयंपाकघराच्या दारातून पुन्हा एकदा विचारलं.

आईने झारा कढईवर आपटला. “नाही घातला. बटाटाही नाही. मीठ घालू का तेवढं सांगा, का तेही त्यांच्या चातुर्मासात बसत नाही?”

“घाल की. पण बेतानं.”

मी पाटावर बसून कोथिंबीर निवडत होते आणि हसू दाबत होते. मला बघायला माणसं यायची होती, घरात सगळ्यांची धांदल उडाली होती आणि नवरीमुलगी तेवढी खुशीत होती. याचं कारण अण्णांना ठाऊक नव्हतं. असतं तर त्यांनी मला कोथिंबिरीसकट अंगणात काढलं असतं.

जयसिंगपूरला आमचं खता-बियाण्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर आणि दोन्हींच्या मध्ये गोदाम. त्यामुळे आमच्या घरात अत्तर लावलं तरी वास युरियाचाच यायचा. अशा घरातली मी मुलगी, पद्मजा मगदूम. कोल्हापूरला राहून गणितात एम.एस्सी. झाले होते आणि पुण्याला पीएच.डी. करायची जागा मला मिळाली होती. राहण्याखाण्यापुरती शिष्यवृत्तीही होती. फक्त अण्णांनी ‘जा’ म्हणायचं बाकी होतं आणि अण्णा ते म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं, शिकलीस तेवढं पुरे, आणखी शिकलीस तर तुला शोभणारा मुलगा हुडकायला मला हिमालयात जावं लागेल.

आठवडाभर मी तोंड फुगवून बसले तेव्हा त्यांनी तोडगा काढला. खताच्या व्यापाऱ्याला तोडगे चांगले सुचतात.

“हे बघ पद्मे,” ते म्हणाले, “रविवारी कोल्हापूरचे शेडबाळे सर येणार. त्यांनी नको म्हटलं, तर तुझी ट्रंक मी स्वतः एसटीच्या टपावर चढवतो. पण हो म्हटलं, तर पुणंबिणं काही नाही. दिवाळी झाली की लग्न. कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की दुसऱ्या कुणालाही संशय आला असता. अण्णांना वाटलं, पोरगी शहाणी झाली.

प्राध्यापक नेमिनाथ शेडबाळे हे आमच्या भागात मोठं प्रस्थ होतं. त्यांचं विकलनाचं गाइड वाचल्याशिवाय कोल्हापूर-सांगलीकडचा एकही मुलगा बी.एस्सी. होत नसे. या सरांनी ठरवलं होतं की सून आणायची तर गणितातली आणि तीसुद्धा परीक्षा घेऊन. इतर घरांत मुलीला चालून दाखव, गाणं म्हणून दाखव, असं सांगत. सर फळा मागवत. पोहे झाले की मुलीने फळ्यापाशी जायचं आणि सरांनी घातलेलं गणित सगळ्यांसमोर सोडवायचं. सगळ्यांत गंमत म्हणजे ते प्रत्येक मुलीला एकच गणित घालत. आयुष्यभर पेपर काढलेल्या माणसाला एवढं कळू नये! पहिल्या मुलीकडून ते दुसरीकडे गेलं, दुसरीकडून तिसरीकडे, आणि श्रावण लागेपर्यंत आमच्या जैन समाजातल्या यच्चयावत एम.एस्सी. मुलींना ते तोंडपाठ झालं होतं.

मला ते सन्मती चौगुलेने जयसिंगपूरच्या बसस्टँडवर सांगितलं. सन्मती माझ्या वर्गातली, माझ्या आधी महिनाभर तिचा नंबर लागला होता.

“एक्स लिही,” ती म्हणाली. “त्याच्या डोक्यावर, घातात, लॉग. त्या लॉगच्या पोटात आणखी एक लॉग. आणि त्याच्या पोटात साइन एक्स. हे डिफरन्शिएट करायचं. अगदी त्यांच्या गाइडातलं गणित आहे. दोन्ही बाजूंचा लॉग घेतलास की बाहेरून आत एकेक साल सोलत जायचं.”

“मग अवघड काय त्यात?”

“अवघड काहीच नाही. मी सोडवलं, गाइडातल्या उत्तराशी अक्षर न् अक्षर जुळलं. सर खूश. पण गणित घालतात सर आणि तपासतो तो मुलगा, श्रेणिक. त्याची तशी अटच आहे म्हणे. तो उठला, फळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘चुकलं.’ बस्स. जोडे घालून निघाले की गं सगळे!”

“आणि सर?”

“सरांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण तेही म्हणाले, ‘होय, चुकलंय खरं.’ काय चुकलं ते दोघांपैकी एकाने सांगितलं नाही. सगळ्या मुलींना हाच अनुभव. मला विचारशील तर त्या मुलाला लग्नच करायचं नाही.”

सन्मती चिडली होती, पण मला मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं. गाइडातलं उत्तर लिहायचं, ‘चुकलं’ ऐकायचं, पडल्या चेहऱ्याने आत जायचं आणि ट्रंक भरायला घ्यायची. बिनचूक गणित करून नापास व्हायची सोय आजवर कुणाला मिळाली असेल? घरी येऊन मी ते एकदा सोडवून पाहिलं. उत्तर तेच आलं. त्यात काय चुकतंय याचा शोध मी घेतला नाही. ज्या चुकीवर माझं पुणं उभं होतं, ती उकरायला मी काय वेडी होते?

दुपार कलली तशी माणसं आली. शेडबाळे सर धोतर-कोटात, गोरेपान, कपाळावर गंध. त्यांच्या मागून काकू, एसटीने शिणलेल्या. आणि शेवटी श्रेणिक. अंगाने किडकिडीत, चष्मा, हातात काकूंची पिशवी. नागपूरला सरकारी नोकरीत होता, विद्यापीठात पहिला आलेला. पण बसला असा की दाढ काढायला आणलेला पेशंट. ज्यांनी हे स्थळ आणलं ते बाबूमामा एकटेच उत्साहात होते.

“सूर्यास्ताच्या आत जेवण झालं पाहिजे हं,” सरांनी बसता बसताच सांगितलं. “तेव्हा पोहे, परीक्षा आणि पानं, हा क्रम ठेवू.”

“अहो, आधी मुलीचं नाव तरी विचारा,” काकू म्हणाल्या.

“नाव ठाऊक आहे. फळा आहे का घरात?”

आता फळा कुठला असणार? पण अण्णांनी तयारी केली होती. दुकानाबाहेर भाव लिहायचा काळा फळा त्यांनी सकाळीच धुऊन ठेवला होता. तो बाबूमामांनी आणून खुर्चीवर टेकवला. धुतला होता तरी जुन्या खडूचं लिखाण पुसट दिसत होतं. ‘युरिया आला आहे. रांगेत उभे राहावे.’

मी पोहे दिले, नमस्कार केले आणि रांगेत उभी राहिले.

“घे खडू,” सर म्हणाले आणि त्यांनी गणित सांगितलं. एक्स, डोक्यावर लॉग, पोटात लॉग, त्याच्या पोटात साइन. सन्मतीने सांगितलं तेच. मी चेहरा शक्य तितका गंभीर केला, जरा विचार केल्याचं सोंगही केलं आणि लिहायला लागले. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला. घात खाली उतरला. सालं सुटायला लागली. अण्णा मागे बसून डोळे मोठे करून बघत होते. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरगी न अडखळता लिहितेय यानेच त्यांची छाती फुगली होती.

शेवटची ओळ तेवढी राहिली होती. ती लिहिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी पुण्याला गेले असते.

पण शेडबाळे सरांना गप्प बसवेना. ते अण्णांकडे वळून म्हणाले, “रीत बरोबर चाललीय. पण खरं सांगू का मगदूम, मुलींचं गणित म्हणजे पाठांतर. कृती सगळ्यांना येते, अर्थ कुणाला लागत नाही. एखादीनं खडू थांबवून म्हटलंय का कधी, की हे सोडवते आहे ते आहे तरी काय?”

बाबूमामा हसले. अण्णाही हसले, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून. माझं डोकं सणकलं.

मी खडू थांबवला. ठीक आहे, म्हटलं, बघू या हे काय आहे ते. मनातल्या मनात एक्सच्या जागी नव्वद अंश घातले. साइन नव्वद म्हणजे एक. एकचा लॉग शून्य. आणि शून्याचा लॉग? तो तर नसतोच. बरं, नव्वद वाईट निघाले, तीस घेऊ. साइन तीस म्हणजे अर्धा. अर्ध्याचा लॉग उणे. आणि उण्याचा लॉग? तोही नसतो. पंचेचाळीस घेतले, साठ घेतले, आणि मग माझ्या अंगातून वीज गेली. साइन काही केल्या एकाच्या वर जात नाही. त्यामुळे आतला लॉग काही केल्या शून्याच्या वर येत नाही. आणि बाहेरच्या लॉगला तर शून्याच्या वरचंच काहीतरी लागतं. म्हणजे एक्स काहीही घ्या, हे गणित सुरूच होत नाही. नसलेल्या माणसाची उंची मोजावी तसं सगळ्या मुलींनी ते सोडवलं होतं आणि प्रत्येकीची उंची गाइडाशी जुळली होती!

मी श्रेणिककडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत ‘चुकलं’ म्हणायची वाट पाहत बसला होता. त्याला ठाऊक होतं.

आता माझी काय अवस्था झाली असेल ती कल्पना करा. शेवटची ओळ लिहिली की पुणं. नाही लिहिली की काय होईल, कुणास ठाऊक. शहाणी मुलगी गुपचूप लिहून मोकळी झाली असती. मीही खडू टेकवला. पण हात पुढे सरकेना. पाठांतर म्हणे! फळ्यावर धडधडीत खोटं उभं होतं आणि ते खोटं आहे हे ओळखणारी मी तिथेच उभी होते आणि हा धोतरवाला बाबा माझ्या बापाच्या घरात बसून मला पाठांतर म्हणत होता. राग तर आला होताच, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा खुमखुमी जास्त होती.

मी फडकं उचललं आणि सगळं पुसून टाकलं.

“अगं, अगं, काय करालीस?” अण्णा अर्धवट उठले.

“सर,” मी म्हटलं, “हे सोडवता येत नाही.”

“येत नाही? आत्तापर्यंत तर...”

“मला येत नाही असं नाही. कुणालाच येणार नाही. हे फंक्शन अस्तित्वातच नाही. तुम्ही एक्सची कुठलीही किंमत सांगा, मी घालून दाखवते.”

सर हसले. पस्तीस वर्षं मुलांना हसतात तसं हसले. “नव्वद घाल.”

घातले. त्यांचं हसू जरा कमी झालं.

“तीस घाल.”

तेही घातले. सर उठून फळ्याजवळ आले, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि स्वतः लिहायला लागले. साठ. एकशे वीस. एक अंश. खडू फळ्यावर टकटक वाजत होता. मग खडू थांबला. सर वळले आणि मला वाटलं, आता हा माणूस पोहे फेकून निघून जाणार. त्यांच्या गाइडातलं गणित मी त्यांच्याच तोंडावर मोडीत काढलं होतं. बरंच झालं, म्हटलं, नकार याही वाटेने येईल.

पण सरांचा चेहरा उजळला होता. घामाने आणि आनंदाने.

“अरे, हे होय!” ते ओरडले. “ही चूक होती होय!”

काकूंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. “म्हणजे? तुम्हाला ठाऊक नव्हती?”

सर गडबडले.

“इतक्या पोरींच्या दारात ‘चुकलंय खरं’ म्हणून मान हलवलीत. मला एसटीतून हिंडवलंत. आणि काय चुकलंय ते तुम्हालाच ठाऊक नव्हतं?”

“विचारायचं कसं?” सर हळू आवाजात म्हणाले. “पहिल्याच घरी मी होय म्हणून बसलो. मग मागे येता येईना. रोज पहाटे उठून ते गणित तपासत होतो गं.” आणि मग एकदम माझ्याकडे बोट करून, “मगदूम! मुलगी पसंत आहे! आत्ता, या क्षणी पसंत आहे. अशी मुलगी मला दुसरीकडे मिळणार नाही. काय रे श्रेणिक, आता काय म्हणतोस? तूच म्हणाला होतास, हे गणित जी सोडवील तिच्याशी लग्न करीन.”

श्रेणिकने वर पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझाही पडला असणार.

“साखर आण गं!” अण्णा आईला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, पण कारण वेगळं होतं. स्वतःच्या हाताने मी पुण्याची एसटी चुकवली होती आणि तीही कशासाठी, तर एका म्हाताऱ्याला मुलींचं गणित म्हणजे काय ते दाखवायला!

बाबूमामांनी रीत सांगितली. “मुलामुलीला जरा बोलू द्या की एकमेकांशी.” बोलायला जागा एकच होती, गोदाम. तेव्हा खताच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो. दार अर्धं उघडं आणि दाराशी मामांची सावली.

“तुम्ही का सोडवलंत ते?” तो कळवळून कुजबुजला. भेटीतलं त्याचं पहिलं वाक्य हे.

“राहवलं नाही,” मी म्हटलं. “तुम्ही कशाला घातलंत असलं?”

“मी घातलं नाही. बाबांच्या गाइडात ते पहिल्या आवृत्तीपासून आहे. कॉलेजात असताना मला त्यातली गोम कळली. सांगायला गेलो तर म्हणाले, आधी पास हो. मग सांगायचंच सोडून दिलं. आता त्यांनी मुलींच्या परीक्षा घ्यायचं काढलं. मला लाज वाटत होती हो. लोकांच्या घरी जायचं आणि त्यांच्या मुलींना फळ्यासमोर उभं करायचं! म्हटलं, दोनचार ठिकाणी फिसकटलं की कंटाळतील. पण त्यांना कंटाळा माहीत नाही.” त्याने चष्मा काढून पुसला. “मला वाटलं नव्हतं कुणी पकडेल.”

“मुलीला येणार नाही असं वाटलं?”

“माझ्या बापाला आलं नाही हो. मुलीचं काय घेऊन बसलात?”

मला हसू आलं. त्या परिस्थितीतही आलं. मग मी त्याला अण्णांची अट सांगितली. पुण्याची जागा सांगितली. बोलता बोलता मला कळून चुकलं की मी काय घालवून बसले आहे. सहा दिवसांनी हजर व्हायचं होतं तिथे.

तो ऐकत राहिला. मध्ये एकदाही त्याने ‘पण’ म्हटलं नाही.

“विषय कुठला घेणार?” त्याने विचारलं.

मी सांगितला. त्यावर त्याने आणखी दोन प्रश्न विचारले, चांगले, माहीतगाराचे. बाहेर मामा खाकरले.

“तुम्ही पुण्याला जायचं,” तो एकदम म्हणाला. “मी बघतो.”

“कसं बघता?”

“मला एक गणित घाला. सगळ्यांसमोर. म्हणायचं, ‘माझीही तशीच अट आहे, जो सोडवील त्याच्याशीच लग्न करीन, आणि तपासणार मी.’ मी चुकवतो. मग तुमचे वडील काय म्हणणार? नकार माझ्या माथी.”

“तुम्ही विद्यापीठात पहिले आलात. चुकवाल कसे?”

“असं चुकवीन की बाबा मला घेऊन पळत सुटतील.”

“घरी गेल्यावर?”

“घरी गेल्यावर वर्षभर बोलणार नाहीत,” तो म्हणाला. “नागपूरला फारसं ऐकू येत नाही.”

पण तो खोटं बोलत होता. बापाची बोलणी ऐकू न येणारं गाव अजून कुणी वसवलेलं नाही. विद्यापीठात पहिला आलेला मुलगा, बापासमोर, परक्या माणसांसमोर, हातात खडू घेऊन गाढव ठरायला तयार होता. आणि कशासाठी, तर जिला तो तासाभरापूर्वी ओळखतही नव्हता ती मुलगी पुण्याला जावी म्हणून. मी त्याच्याकडे नीट बघितलं ते तेव्हा. कान जरा मोठे होते. बाकी ठीक होतं.

बाहेर येऊन मी माझी अट सांगितली. अण्णा चपापले. “हे काय नवीन काढलंस?”

पण सरांना ते भलतंच आवडलं. “होऊन जाऊ दे! अगदी रास्त आहे. घाल, घाल, अवघडातलं घाल. तपासणार कोण? तू? कबूल!”

मी फळ्यावर लिहिलं. एक्स. डोक्यावर घातात, एक भागिले लॉग एक्स.

गणितवाला माणूस हे बघून गालात हसेल. दिसायला ते भयंकर आहे, पण आहे गरीब गाय. एक्स कितीही वाढवा, कितीही घटवा, घातातला लॉग त्याला असा धरून ठेवतो की किंमत तसूभर हलत नाही. जे हलतच नाही, त्याच्या बदलाचा वेग काय असणार? शून्य. श्रेणिकच्या पापण्या क्षणभर लवल्या आणि मला कळलं, त्याला उत्तर दिसलं. सरांनाही दिसलं. या वेळी त्यांची चूक झाली नाही. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “वा! सोपं आहे रे! डोळ्यांनी बघ, हातांनी नको!”

श्रेणिकने खडू घेतला. तो मुळीच घाईत नव्हता. त्याने घातातला एक भागिले लॉग एक्स सरळ उचलला, खाली आणला, एक्सच्या पुढे ठेवला. मग घातातून एक वजा केला. खडू खाली ठेवला आणि हात झटकले.

ज्यांना गणित येत नाही त्यांना ही काय भयंकर गोष्ट घडली ते कळायचं नाही. घातात साधा आकडा असला की असं करतात. घातात एक्सच लपलेला असला की असं करणारं पोर पहिल्याच वर्षी नापास होतं. सरांच्या गाइडात पहिल्याच पानावर चौकटीत छापलं होतं, ‘ही चूक करू नये’.

सरांनी फळा पुन्हा एकदा वाचला. ते उठले, बसले, पुन्हा उठले.

“श्रेणिक,” ते कसेबसे म्हणाले. “अरे, घातात एक्स आहे. घातात एक्स आहे रे!”

“असू दे,” श्रेणिक म्हणाला. “मला असंच येतं.”

सरांनी अण्णांकडे पाहिलं, बाबूमामांकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली. पस्तीस वर्षांची मास्तरकी त्या क्षणी त्या घरात जमीनदोस्त झाली होती. काकू नवऱ्याकडे न बघता मुलाकडे बघत होत्या. त्यांना गणित येत नव्हतं, पण मुलगा येत होता. श्रेणिकचे ते मोठे कान लालबुंद झाले होते. तरी त्याने मान वर ठेवली आणि माझ्याकडे बघून किंचित खुणावलं. चला, म्हणा आता.

मी काय म्हणायचं ते ठरलेलं होतं. एकच शब्द. तो आम्ही गोदामात ठरवला होता आणि तो म्हटला की ट्रंक, एसटी, पुणं.

“काय गं?” अण्णांनी विचारलं. “बरोबर का चूक?”

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगते. सहा दिवसांनी अण्णांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली, तोंडाने बडबडत का होईना, पण स्वतः चढवली. मी पुण्यात शिकले, पीएच.डी. झाले, पुढे आयुष्यभर शिकवलं. शेडबाळे सरांनी ते गणित गाइडातून काढून टाकलं आणि मला वरचेवर प्रुफं पाठवू लागले, आणखी असलं काही राहिलंय का ते बघायला. राहिलेलं असे. मी लाल शाईने परत पाठवी आणि ते खूश होत. दिवाळी झाल्यावर लग्न मात्र झालं नाही. ते होण्यासाठी नागपुरात एक माणूस बऱ्याच दिवाळ्या थांबला. आणि हे सगळं, अण्णांचं कबूल होणं, त्याचं थांबणं, माझं जाणं, त्या एका शब्दावर ठरलं, म्हणून तो शब्द नीट सांगते.

“बरोबर,” मी म्हटलं.

“काय?” सर किंचाळले. “बरोबर? कुठल्या नियमाने बरोबर?”

“तपासणार मी, असं ठरलंय ना सर? मी तपासलं. बरोबर आहे. मला मुलगा पसंत आहे. लग्न मी पुण्याहून शिकून आल्यावर करीन.”

“हे कुठं ठरलं होतं?” अण्णा म्हणाले. “मी तर दिवाळी म्हटलं होतं.”

“ज्यांना थांबायचं आहे त्यांना विचारा.”

सगळे श्रेणिककडे वळले. त्याने मात्र दुसऱ्या कुणाकडे पाहिलंच नाही. तो दोन पावलं पुढे आला, फळ्याकडे बोट केलं आणि घाबऱ्या घाबऱ्या, अगदी हळू आवाजात म्हणाला, “अहो, ते चुकलंय.”

“मला ठाऊक आहे,” मी म्हटलं.